पाठीवरचे आसन

झाडावर बसून शिकार करण्यासाठी अमेरिकेत जे सुटे मचाण विकले जाते आणि ज्याला तिथे ट्रीस्टँड म्हणतात, त्याच्या खोक्यातून नळ्या, जाळीची फळी, बोल्ट आणि पोलादी तार यांच्याबरोबर नायलॉनचे दोन अरुंद पट्टेही निघतात. बसण्याच्या जागेची रुंदी, पाय टेकण्याच्या फळीची मजबुती, बुंध्याला विळखा घालणाऱ्या पट्ट्याची शिवण आणि पाठीला आधार देणारे ताणलेले कापड या प्रत्येक गोष्टीवर कारखान्यात पुष्कळ विचार झालेला दिसतो. खांद्यावर अडकवायच्या या दोन पट्ट्यांवर मात्र तो जेमतेमच झालेला असतो. दोन बोटे रुंदीचे, आत कसलेही अस्तर नसलेले हे पट्टे मचाणाच्या चौकटीला अडकवायचे, त्यांत हात घालायचे आणि अंधारात चालू लागायचे, एवढीच त्यांची योजना. वस्तू बसण्यासाठी घडवलेली आहे आणि तिला वाहून नेणे हा मधला, नाइलाजाचा टप्पा आहे, असेच जणू घडवणाऱ्याने धरून चाललेले असते. ज्यांना ती वाहावी लागते त्यांना हा मधला टप्पाच बहुधा सर्वांत लांब वाटतो, आणि तो सुखाचा कसा करावा, तेही फार पैसे न मोजता, हा प्रश्न दर शरद ऋतूत नव्याने उभा राहतो.

उंचीवर बसण्याची गरज निर्माण केली ती पांढऱ्या शेपटीच्या हरणाने. अमेरिकेच्या पूर्वेकडील आणि मध्य भागातील जंगलांत व शेतांच्या कडांवर राहणारा हा प्राणी बिथरला की शेपटी उभारून तिची खालची पांढरी बाजू दाखवत पळतो, आणि त्यावरूनच त्याला हे नाव पडले आहे. माणसाचा वास त्याला वाऱ्यावरून दुरूनच येतो आणि त्याच्या डोळ्यांच्या पातळीवरची बारीकशी हालचालही त्याच्यापासून लपत नाही. शिकारी जमिनीपासून पाच-सहा मीटर वर बसला, तर त्याची हालचाल हरणाच्या नेहमीच्या नजरेच्या पट्ट्याबाहेर जाते आणि वारा अनुकूल असेल तर त्याचा वासही काही वेळ डोक्यावरून निघून जातो. धनुष्यबाण वापरणाऱ्याला तर ही उंची जवळजवळ अनिवार्य होऊन बसली आहे, कारण त्याचा बाण भरवशाने लागण्याचे अंतर साधारण २० ते ३० यार्ड, म्हणजे फार तर पंचवीस-सत्तावीस मीटर इतकेच असते, आणि एवढ्या जवळ आलेल्या हरणासमोर जमिनीवर उभे राहून धनुष्याची दोरी ओढणे म्हणजे त्याला निघून जाण्याची सूचना देणेच होय.

या मचाणांच्या जाती ज्या तऱ्हेने झाडावर चढतात, तिच्यावरूनच त्यांचे ओझेही ठरते. ‘हँग-ऑन’ म्हणजे बुंध्याला पट्ट्याने किंवा साखळीने टांगलेली बैठक व पावठा. पोलादी असेल तर सात-आठ किलोंची आणि अॅल्युमिनियमची असेल तर त्याहून बरीच हलकी, परंतु तिथवर चढायला वेगळ्या पायऱ्या लागतात, आणि झाडाला बांधायच्या या काठ्यांचा जुडगा स्वतंत्रपणे वाहावा लागतो. ‘क्लाइंबर’ हा दोन भागांचा असतो: वरच्या भागावर बसायचे, खालच्या भागात पाय अडकवायचे, आणि आळीपाळीने एक भाग वर सरकवत, दुसरा ओढून घेत बुंध्यावर चढत जायचे. त्याला पायऱ्या लागत नाहीत, पण झाड सरळसोट आणि खालपर्यंत फांद्या नसलेले लागते, शिवाय त्याचे वजन नऊ ते तेरा किलोंच्या घरात जाते. ‘लॅडर स्टँड’ म्हणजे शिडीला जोडलेली खुर्ची. ती बसायला सर्वांत ऐसपैस आणि चढायला सर्वांत सोपी, परंतु नेऊन उभी करायला दोन-तीन माणसे लागतात, म्हणून एकदा उभी केली की ती सहसा हलवली जात नाही. म्हणजे झाडावरचे सुख जसजसे वाढत जाते तसतसे वाटेवरचे सुख कमी होत जाते, आणि कोणत्या सुखावर पाणी सोडायचे हे प्रत्येकाला खरेदीच्या वेळीच ठरवावे लागते.

नुसत्या किलोंनी या ओझ्याचा त्रास कळत नाही. तेवढ्याच वजनाची धान्याची पिशवी पाठीवर घेऊन माणूस अर्धा तास सहज चालतो, कारण पिशवी पाठीच्या उतारावर अंग टाकते. मचाण मात्र सर्व बाजूंनी कोपरे काढून असते. त्याची चौकट पाठीपेक्षा रुंद असल्यामुळे दोन झाडांमधून सरळ जाता येत नाही, तिरके व्हावे लागते. वरची कड मान मागे करताच टोपीला लागते आणि खालची कड चढणीवर मांड्यांच्या मागच्या बाजूला बोचते. पट्टे चौकटीच्या कडेला बांधलेले असल्याने वजनाचा मध्य पाठीपासून वीतभर मागे राहतो, आणि तो भरून काढण्यासाठी चालणाऱ्याला पुढे वाकावे लागते, त्यामुळे ओझे खांद्यांवर असले तरी दुखते ते कंबरेत. त्यात धातूवर धातू आपटण्याचा आवाज असतो, जो दिवसा कुणाच्या लक्षातही येणार नाही, पण पहाटे चार-पाच वाजता, वारा पडलेला असताना आणि पाने गोठून कडक झालेली असताना, संबंध दरीला ऐकू जातो. ज्या प्राण्यासाठी एवढा खटाटोप करायचा त्यालाच आगमनाची वर्दी देत चालणारे हे ओझे असते, आणि म्हणूनच ते वाहण्याची रीत सुधारणे म्हणजे खांद्यांची सोय पाहणे, एवढ्यापुरते ते राहत नाही. शिकारीचा आरंभच तिथे होतो.

हे आसन रोज पाठीवर का घ्यावे लागते, याचे कारण शोधू गेल्यास ते जमिनीच्या मालकीत सापडते. ज्याची स्वतःची शेतजमीन किंवा झाडी आहे, किंवा ज्याने शिकारीपुरती कुणाची जमीन भाड्याने घेतली आहे, तो ऑगस्टमध्येच मित्रांना बोलावून दोन-चार ठिकाणी शिडीची मचाणे उभी करतो आणि हंगाम लागल्यावर हातात धनुष्य व खिशात थर्मास घेऊन रमतगमत तिथे जातो. ज्याच्याकडे अशी जमीन नाही तो सार्वजनिक जंगलात जातो. अमेरिकेत अशी जंगले अफाट आहेत. विस्कॉन्सिन राज्याच्या उत्तरेकडील एकट्या शेक्वामेगन-निकोले राष्ट्रीय वनाचा विस्तार सुमारे १५ लाख एकर आहे, आणि परवाना काढलेल्या कुणालाही तिथे जाऊन बसता येते. मात्र जे सर्वांचे आहे तिथे एकाने खुंटा ठोकून बसायचे नसते. काही राज्यांत मचाण दिवस मावळल्यावर उतरवावे लागते, काही ठिकाणी ते हंगामापुरते ठेवता येते पण त्यावर मालकाचे नाव व पत्ता किंवा परवान्याचा क्रमांक लिहावा लागतो, आणि झाडाला खिळे किंवा स्क्रू मारण्यास तर बहुतेक ठिकाणी बंदीच आहे, कारण त्याने झाडाला जखम होते आणि आत राहिलेले लोखंड कित्येक वर्षांनी लाकूडगिरणीत करवतीचे पाते मोडते.

अशा जंगलात पाठीवरचे ओझे हे एक प्रकारचे भाडे ठरते. जागा विकत घेता येत नाही, राखून ठेवता येत नाही, फार तर एका दिवसापुरती वापरता येते, आणि त्या वापराचे मोल पैशात देता येत नसल्यामुळे ते खांद्यांनी द्यावे लागते. मागे राहिलेल्या दुसऱ्याच्या मचाणामुळेही पुष्कळ ठिकाणी त्या झाडावर त्याचा हक्क सिद्ध होत नाही. पहाटे जो आधी पोहोचला त्याची ती सकाळ. रानातील प्राणी जमीनमालकाचा नसून लोकांचा आहे आणि राज्याने तो विश्वस्ताच्या नात्याने सांभाळायचा आहे, हे तत्त्व अमेरिकेच्या वन्यजीवविषयक कायद्यात फार जुने आहे, आणि राजे-सरदारांच्या राखीव शिकाररानांची युरोपातील परंपरा मागे टाकून आलेल्या समाजाला ते भावलेही. तत्त्वे बहुधा कागदावर वजनरहित असतात. हे तत्त्व मात्र प्रत्यक्षात उतरताना नऊ-दहा किलोंचे होते आणि काळोखातून मैल-दीड मैल चालत जाते.

मराठी मुलखातील मचाणाची गोष्ट वेगळी आहे, आणि ती वेगळी असण्याचे कारणही मालकीतच आहे. ज्वारीच्या शेतात पाखरे राखण्यासाठी चार मेढी रोवून बांधलेला माळा, ज्यावर उभे राहून गोफण फिरवायची, किंवा विदर्भात रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी रात्री बसायचे मचाण, ही दोन्ही स्वतःच्या रानात उभी असतात. सुगी झाली की त्यांची लाकडे मोडून दुसऱ्या कामाला लावली जातात, पण कुणी ती रोज पाठीवर घेऊन फिरत नाही. शिकारीचे मचाण होते तेही वाहिले जाई, पण दुसऱ्यांकडून. ब्रिटिश अमदानीत साहेब किंवा संस्थानिक वाघासाठी बसायचे ठरवी, तेव्हा गावकरी आधीच जाऊन झाडावर खाट आवळून बांधत, पालापाचोळ्याने ती झाकत, आणि बसणारा ऊन कलल्यावर येई. त्या काळच्या शिकारकथांत वाघाचे वजन, त्याची लांबी, बंदुकीची जात हे सारे तपशिलाने येते. खाट कुणी किती लांबून आणली हे क्वचितच येते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर त्या शिकारीचे दिवस सरत गेले आणि मचाण उरले ते पाहणाऱ्यांसाठी: ताडोबा, मेळघाट, नागझिरा अशा ठिकाणी बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळ बसून प्राण्यांची नोंद करणारे निसर्गप्रेमी ज्या मचाणांवर चढतात ती वन विभागाने आधीच उभारलेली असतात. आसन स्वतःच वाहून नेण्याची वेळ येते ती जागा आपली नसते आणि हाताखाली माणसेही नसतात तेव्हाच. अमेरिकेतील सार्वजनिक जंगलात हे दोन्ही एकत्र आले आहे.

ओझे कसे वाहावे याचे ज्ञान त्या जंगलांना नवे नाही. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत ग्रेट लेक्सच्या परिसरात कातड्यांचा व्यापार करणारे फ्रेंच-कॅनेडियन नावाडी, ज्यांना व्हॉयाजर म्हणत, दोन जलमार्गांमधील जमिनीवरून माल नेताना ९० पौंडांचे, म्हणजे सुमारे ४१ किलोंचे गाठोडे पाठीवर घेत, आणि एका खेपेत अशी दोन गाठोडी घेण्याची रीत होती. सुपीरिअर सरोवराच्या काठावरील ग्रँड पोर्टेज ही वाट साडेआठ मैलांची होती. हे वजन ते कपाळावरून घेतलेल्या रुंद चामडी पट्ट्याने पेलत. असा पट्टा वजनाचा भार खांद्यांवर न टाकता मानेतून थेट कण्यात उतरवतो, आणि नेपाळमधील भारवाहक आजही तो वापरतात. डोक्यावर घागर घेण्यापूर्वी बाई चुंबळ ठेवते तेव्हा तिने साधलेली गोष्ट याच जातीची असते: शरीर आणि ओझे यांच्यामध्ये असे काहीतरी घालायचे, की ज्यामुळे कठीण वस्तूची कड शरीराला न लागता तिचा भार मात्र सरळ हाडांच्या रेषेत यावा. १९८६मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात केनियातील लुओ व किकुयू स्त्रिया स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंतचे ओझे डोक्यावर किंवा कपाळावरच्या पट्ट्याने घेऊन चालताना जवळजवळ जास्तीची ऊर्जा खर्च करत नाहीत असे आढळले होते. झाडीतून मचाण डोक्यावर नेता येणार नाही हे उघड आहे. पण ओझे शरीराच्या रेषेजवळ आणावे, ही शिकवण पाठीलाही लागू पडते.

पाठीच्या चौकटीचा इतिहास याच शिकवणीचा इतिहास आहे. लॉइड नेल्सन या अमेरिकी माणसाने अलास्कात एका मूलनिवासी व्यक्तीकडून उसनी घेतलेली, विलोच्या काठ्यांवर सीलचे कातडे ताणून केलेली पाठपिशवी पाहिली, आणि तिच्या धर्तीवर लाकडी चौकटीला कॅनव्हास ताणून ‘ट्रॅपर नेल्सन’ नावाची पाठफळी घडवली; तिचे पेटंट १९२४ सालचे आहे. ताणलेले कापड पाठीला टेकते आणि चौकट बाहेर राहते, त्यामुळे ओझ्याचे कोपरे पाठीत रुतत नाहीत, ही तिची खुबी. कॅलिफोर्नियातील ग्लेंडेल गावच्या डिक केल्टी यांनी १९५२पासून अॅल्युमिनियमच्या चौकटीच्या पिशव्या विकायला सुरुवात केली, आणि चौकटीची खालची टोके पँटच्या मागच्या खिशांत खोवली की खांदे हलके होतात, या साध्या निरीक्षणातून कंबरपट्ट्याची कल्पना पुढे आली. कंबरपट्टा म्हणजे कमरेच्या हाडावर आवळून बसणारा रुंद पट्टा. तो नीट बसला तर ओझ्याचा बराचसा भार कमरेवरून पायांत जातो आणि खांद्यांकडे फक्त तोल सांभाळण्याचे काम उरते. मचाणाबरोबर येणाऱ्या त्या दोन अरुंद पट्ट्यांत जी गोष्ट नाही ती नेमकी हीच आहे.

म्हणून स्वस्त उपायांची वाट बहुधा मचाण विकणाऱ्या दुकानातून जात नाही, ती जुन्या सामानाच्या बाजारातून जाते. अमेरिकी लष्कराने १९७०च्या दशकात स्वीकारलेल्या ‘अॅलिस’ नावाच्या पाठसामानाची अॅल्युमिनियमची चौकट, तिच्या मूत्रपिंडाजवळ टेकणाऱ्या जाड गादीसह, लष्करी मोडीच्या दुकानांत दीर्घकाळ थोड्या पैशांत मिळत आली आहे, आणि तिची पिशवी काढून टाकून त्या जागी मचाण आवळून बांधणे ही शिकाऱ्यांची जुनी क्लृप्ती आहे. कुणी गिर्यारोहणाच्या फाटक्या पिशवीचे जाड खांदेपट्टे आणि कंबरपट्टा उसवून मचाणाच्याच चौकटीला जोडतो. कुणी मुलाच्या टाकून दिलेल्या दप्तराचे पट्टे लावतो आणि ते लांबीला कमी पडतात म्हणून मध्ये गाडीच्या आसनपट्ट्याचा तुकडा शिवतो. पट्टे चौकटीला कुठे अडकवायचे यावर मात्र सारे अवलंबून असते: वरची जोडणी खांद्यांच्या किंचित वर आणि पाठीच्या मध्याकडे आली, मचाणाची सपाट बाजू पाठीकडे झाली, आणि चढण्याच्या काठ्या बाहेरच्या बाजूस, उंच पण आडव्या न जाणाऱ्या अशा बांधल्या, तर तेच वजन अर्ध्याने कमी झाल्यासारखे वाटते. आवाजासाठी हॉकीच्या काठीला गुंडाळायची कापडी चिकटपट्टी नळ्यांवर गुंडाळतात, साखळीला जुन्या सायकलच्या ट्यूबचे आवरण घालतात, आणि सैल राहणारे प्रत्येक बकल रबरी दोरीने बांधून टाकतात.

पाठ टाळण्याचेही मार्ग आहेत, आणि त्यांच्या मर्यादा त्या-त्या जमिनीच्या स्वभावातून येतात. शिकार ओढून आणण्यासाठीची दोन चाकांची हातगाडी जुन्या लाकूडतोडीच्या रस्त्यांवर उत्तम चालते, पण पहिल्याच आडव्या ओंडक्याशी तिची हुशारी संपते. बर्फावरून मच्छीमार ओढतात ती प्लास्टिकची घसरगाडी हिमावर आणि ओल्या पानांवर घसरते, कोरड्या पानांवर मात्र तिची सरसर दूरवर जाते. पाणथळ भागात छोटी होडी सर्वांत सुखाची, कारण पाणी कितीही वजन घेते आणि काठाकाठाने जाताना मागे वासाचा मागही राहत नाही, परंतु नोव्हेंबरच्या अखेरीस उत्तरेकडील ओढे गोठू लागले की तो मार्ग बंद होतो. मोटारीच्या चाकांना तर पुष्कळ सार्वजनिक क्षेत्रांत मज्जावच असतो. फिरूनफिरून ओझे पाठीवरच येते, कारण ज्या वाटेला चाक, पाणी आणि बर्फ यांपैकी काहीच लागत नाही अशा वाटेवर फक्त पाय चालतात, आणि हरणेही बहुधा तिथेच असतात.

ओझ्याचा आणखी एक परिणाम वजनकाट्यावर दिसत नाही, तो घामात दिसतो. शून्याखालच्या थंडीत तासन्‌तास निश्चल बसायचे असल्यामुळे शिकारी थरावर थर कपडे घालतो, आणि तेच कपडे घालून दहा किलो पाठीवर घेत चढण चढला तर वर पोहोचेपर्यंत आतला थर भिजतो. मग पहिल्या तासातच घाम थंड होऊन हाडांत शिरतो आणि त्याचा वास वाऱ्यावर पसरतो. म्हणून जाणते लोक जाड कोट मचाणाला बांधून, अंगात पातळ सदरा घालून, मुद्दाम सावकाश चालतात, मध्ये थांबतात, पुन्हा चालतात, आणि त्यासाठी अर्धा तास आधी उठतात. ज्याने ओझे नीट बांधले आहे तोही सावकाशच चालतो; फरक एवढाच की त्याचे लक्ष खांद्यांकडे नसते. त्याला वाटेवरचे ताजे खूर-ठसे, बुंध्यावर शिंगे घासून सोललेली साल, वाऱ्याची बदललेली दिशा हे कळत जाते, जे पट्ट्यांशी झगडत चालणाऱ्याला कळत नाही. ओझे वाहण्यातील सुखाची खरी कसोटी बहुधा हीच असावी, की ते पाठीवर आहे याची आठवण मधूनमधूनच व्हावी.

याच ओझ्यामुळे जंगलात एकांतही शिल्लक राहतो. विस्कॉन्सिनमध्ये थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी ९ दिवसांचा बंदुकीचा हंगाम सुरू होतो आणि पाच लाखांहून अधिक लोक रानात उतरतात, तेव्हा रस्त्याच्या कडेला गाड्यांची रांग लागते. परंतु रस्त्यापासून आत जावे तसतशी माणसे विरळ होत जातात, कारण प्रत्येकाच्या पाठीला तिची एक मर्यादा असते. कुणी हुकूम न काढता आणि कुंपण न घालता वजनच ही विभागणी करते. ओझे हलके करण्याची धडपड म्हणजे त्या मर्यादेच्या पलीकडे थोडे आणखी आत जाण्याची धडपड असते, आणि जेव्हा सगळ्यांचीच ओझी हलकी होतात तेव्हा एकांताची रेषाही तेवढीच पुढे सरकते.

विस्कॉन्सिन विद्यापीठात वन्यजीव व्यवस्थापन शिकवणारे आणि स्वतः धनुष्य घडवून शिकार करणारे आल्डो लिओपोल्ड यांनी, त्यांच्या मृत्यूनंतर १९४९मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अ सँड काउंटी आल्मनॅक’ या पुस्तकात, शिकारीच्या सामानाबद्दल एक अस्वस्थता नोंदवली आहे. सीमाभागातील आरंभीच्या शिकाऱ्याला गरजेपोटी थोडक्या सामानानिशी जावे लागे आणि त्यातून स्वावलंबनाचा एक संस्कार घडे, पुढे क्रीडासाहित्याच्या व्यापाऱ्याने उपकरणांचा एवढा पसारा मांडला की कौशल्याची जागा वस्तूंनी घेतली, असा त्यांचा आक्षेप होता. झाडावरचे सुटे मचाण त्यांच्या हयातीत असे घरोघरी पोहोचले नव्हते. पोहोचले असते तर त्यांनी त्याची गणना पसाऱ्यातच केली असती असे वाटते. पण दप्तराचे पट्टे शिवून मचाणाला लावणाऱ्या माणसाला ते कुठे बसवतील, हे सांगणे अवघड आहे. तो वस्तू विकत घेतो हे खरे, परंतु तिच्या उणिवेवर स्वतःच्या हाताने तोड काढतो, आणि थोडक्यात भागवण्याची जुनी विद्या त्याच्या गराजमध्ये, सुई-दोरा आणि चिकटपट्टीच्या रूपाने का होईना, पण टिकून राहते.

अलीकडे या प्रश्नाला मुळातूनच बगल देणारा एक पर्याय लोकप्रिय झाला आहे. ‘सॅडल’ म्हणजे कंबर आणि मांड्या यांभोवती घालायची कापडी झोळी. ती दोराने बुंध्याला जोडून शिकारी झाडाकडे तोंड करून तिच्यात रेलतो आणि पायांखाली पुस्तकाएवढी छोटी फळी ठेवतो. झोळीचे वजन किलोभराच्या आतबाहेर असते आणि ती चालतानाच अंगात घालता येते, म्हणजे आसन पाठीवरून उतरून वस्त्र होते. हलकेपणाला मात्र किंमत असते. साधे पोलादी हँग-ऑन १०० डॉलरच्या आसपास मिळते, तर त्याच्या निम्म्या वजनाच्या यंत्रघडीव अॅल्युमिनियमच्या मचाणाला कित्येक पटींनी अधिक मोजावे लागतात, आणि सॅडल, दोर व काठ्या असा पूर्ण संच घेतला तर तोही स्वस्त पडत नाही. किलो उतरवण्यासाठी डॉलर लागतात, आणि ज्याच्याकडे ते नाहीत त्याच्याच वाट्याला पुन्हा जड वस्तू येते. सार्वजनिक जंगलाने दारात पुसलेला भेद अशा रीतीने पाठीवर परत येतो. शिवाय झोळीत चार तास रेलणे प्रत्येकाच्या गुडघ्यांना मानवत नाही, आणि उंचीवर झोप येण्याचा धोका सर्वच आसनांना सारखा असल्याने जमीन सोडल्यापासून परत टेकेपर्यंत अंगातला सुरक्षा-पट्टा झाडाला बांधलेला ठेवावाच लागतो.

या साऱ्या हिशेबात परतीची वाट सहसा धरलेली नसते. शिकार साधली तर साठ-सत्तर किलोंचे, कधी त्याहून जड असे हरीण रस्त्यापर्यंत आणायचे असते, आणि तेव्हा ज्या मचाणाची एवढी चिंता वाहिली ते झाडाखाली ठेवून दुसऱ्या खेपेला यावे लागते. लष्करी चौकटीवरून मचाण सोडून तिच्यावर मांस बांधले की तिचा मूळ उपयोग तिला परत मिळतो. शिकार न साधली तर तेच आसन, तेवढेच वजन, आणि दिवसभराच्या थंडीने आखडलेले खांदे घेऊन परतायचे असते, आणि बहुतेक दिवस या दुसऱ्या प्रकारचेच असतात.

खाजगी जमिनीवरचा शिकारीही या चक्रातून पूर्ण सुटलेला नाही. झाड वाढते, त्याचा घेर पट्ट्याला आतून ताणत राहतो, उन्हाने नायलॉन कुजतो, खारी बैठकीचे कापड कुरतडतात, म्हणून मचाण वर्षानुवर्षे न तपासता ठेवू नये असे बनवणारेही बजावतात. मालकाला ते निदान वर्षातून एकदा उतरवून पुन्हा चढवावे लागते. सार्वजनिक जंगलात जे रोज घडते ते त्याच्याकडे वर्षाने घडते, एवढेच अंतर. आणि दोघांच्याही आयुष्यात असे वय येते की पाच मीटर चढणे नको वाटू लागते. मग कुणी घडीची तिपाई घेऊन पडलेल्या ओंडक्यामागे बसतो, कुणी बुंध्याला पाठ लावून नुसत्या गादीवर. उंची सोडली की ओझे सुटते, पण वारा, आडोसा आणि हरणाची नजर यांचा हिशेब पहिल्यापासून मांडावा लागतो, आणि रस्त्यापासून किती आत जायचे हेही नव्याने ठरवावे लागते, कारण आता अडवायला पाठ नसते, वय असते. काही जण याला माघार मानतात, काही जण इतकी वर्षे उगाच वजन वाहिले असे म्हणतात, आणि काही जण बसायचे ठरवले आहे जमिनीवर, तरी सवयीने चौकट मात्र पाठीला लावूनच निघतात.